चिखलदऱ्यात राहायचं तर कोणत्या भागात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची अंजनगाव सुर्जीकडची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायला म्हणून २०११ साली मेळघाटातल्या चिखलदऱ्याला वर आले आणि निवृत्तीनंतरही इथंच राहिले. एवढ्या वर्षांत तीन घरं बदलली. त्यामुळे अमरावती, अकोला, दर्यापूर, परतवाडा इकडून कोणी इथं राहायचा विचार केला की कोणाच्या तरी ओळखीनं मला फोन येतोच. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची नीट लिहून काढली.

बाई, आधी थोडक्यात सांगा. कोणत्या भागात घर पाहावं?

बारा महिने राहणार असाल तर बसस्थानक, बाजारपेठ आणि ग्रामीण रुग्णालय पायी गाठता येईल अशा वस्तीत. उन्हाळ्यात दोन महिने येऊन राहायचं असेल तर अप्पर प्लेटोकडे, म्हणजे वरच्या पठारावर. गाई-म्हशी, थोडं वावर, गावपण हवं असेल तर जवळच्या मोथा गावाकडे. दरीच्या अगदी काठावर मात्र कोणीही नको, मग प्लॉट कितीही स्वस्त मिळो.

बाजाराजवळ राहायचं तर परतवाडा काय वाईट होता? डोंगरावर येऊन गर्दीत का राहावं?

हा प्रश्न विचारणारे सगळे इथं ऑक्टोबरात किंवा मे महिन्यात आलेले असतात. जुलैत आलेला माणूस हे विचारत नाही. चिखलदरा हे तालुक्याचं ठिकाण असलं तरी वस्ती लहान, २०११ च्या जनगणनेत पाच हजारांच्या घरात. इथली बाजारपेठ म्हणजे किराणा, औषधांचं दुकान, दोन-चार हॉटेलं, भाजीवाले आणि एसटीची वाट पाहणारी माणसं. गर्दी होते ती पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी, पर्यटकांच्या गाड्यांची. सोमवारी सकाळी रस्ता पुन्हा आपला असतो.

धुवारी, म्हणजे दाट धुकं, उतरली की दहा पावलांवरचं दिसत नाही. अशा दिवसांत दूध, गोळ्या, गॅसची टाकी हाताशी असणं फार मोठी गोष्ट आहे. माझं पहिलं घर वस्तीपासून लांब होतं. एका ऑगस्टमध्ये यजमानांना ताप आला तेव्हा पॅरासिटामॉलच्या एका पाकिटासाठी मी बॅटरी घेऊन पावसात अर्धा तास चालत गेले. त्याच वर्षी ते घर सोडलं.

अप्पर प्लेटोबद्दल बरंच ऐकलं आहे. तिथं काय अडचण?

अडचण म्हणावी अशी फार नाही. जागा मोकळी, झाडं मोठी, हवा उत्तम. हॉटेलं आणि विश्रामगृहं तिकडेच जास्त. तिथं वारा जास्त लागतो आणि शेजारी कायमचे राहत नाहीत. हंगाम संपला की आजूबाजूच्या कित्येक इमारतींना कुलूप असतं. नवरा-बायको दोघंच असाल आणि त्यातला एक जण सारखा गावाला जात असेल, तर जानेवारीतली रात्र फार लांब वाटते. धडधाकट माणसांना आणि चारचाकी असणाऱ्यांना तो भाग मी आनंदानं सुचवते. साठी उलटलेल्यांना नाही.

आणि मोथा, शहापूर, आलाडोह, लवादा, आमझरी ही गावं?

चिखलदरा, शहापूर, मोथा, आलाडोह आणि लवादा या भागाच्या नियोजनाचं काम शासनानं सिडकोकडे दिलेलं आहे. म्हणून तिथं प्लॉट पाहताना फक्त ग्रामपंचायतीचा कागद पाहून चालत नाही. विकास आराखड्यात ती जागा कशासाठी दाखवली आहे ते सिडकोकडून लेखी घ्या. रस्ता, बगीचा किंवा हरितपट्टा दाखवलेल्या जागेवर घर बांधलं तर पुढं मनस्ताप ठरलेला.

मोथ्याबद्दल मला मनापासून प्रेम आहे. परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे घाट चढून आलं की चिखलदऱ्याच्या अलीकडे हे गाव लागतं. गवळी समाजाची जुनी वस्ती. गाविलगड किल्ल्याचं नावच गवळ्यांवरून पडलं असं सांगतात. सकाळी सहाला कढया चुलीवर चढलेल्या असतात आणि दूध आटण्याचा वास रस्त्यापर्यंत येतो. इथला खवा आणि रबडी खायला लोक गाडी थांबवतात. अलीकडे काही कास्तकारांनी स्ट्रॉबेरीही लावली आहे. राहायला माणसं चांगली, वर-खाली जाणारी वाहनं दारावरून जातात. कमतरता पाण्याची. उन्हाळ्यात या सगळ्याच भागात पाण्यासाठी का हाल होतात ते पुढच्या उत्तरात लिहिते.

आमझरी हे मधाचं गाव म्हणून शासनानं निवडलेलं आहे, सुंदर आहे. पण तिथं किंवा आणखी आत, जंगलालगत राहायचं ते जंगलाशी जमवून घेण्याची तयारी असेल तरच.

एवढा पाऊस पडतो, मग पाण्याची टंचाई कशी?

हे मला स्वतःला समजायला दोन उन्हाळे लागले. चिखलदऱ्याला वर्षाला सरासरी दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, खालच्या वऱ्हाडापेक्षा कितीतरी जास्त. पण आपण बसलोय ते काळ्या पाषाणाच्या माथ्यावर. वर मातीचा थर पातळ, खाली बेसॉल्ट. पाणी मुरायला जागा नाही आणि चारी बाजूंनी उतार. उत्तरेकडचं पाणी खापरा, खंडू, सिपना या नद्यांनी तापीकडे धावतं, दक्षिणेकडचं इकडच्या चंद्रभागेसारख्या नद्यांतून पूर्णेला जातं. सप्टेंबरात जिकडेतिकडे धबधबे, आणि मार्चमध्ये त्याच नाल्यात गोटे. आपल्याच तालुक्यातल्या खडीमलसारख्या गावात वर्षानुवर्षं उन्हाळ्यात टँकरचं पाणी विहिरीत ओततात आणि लोक ते विहिरीतून वर ओढतात.

म्हणून घर पाहायला जाल तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: मे महिन्यात नळ किती दिवसांनी येतो? घरमालकाला विचारू नका, शेजारच्या बाईला विचारा. ती दिवस, वेळ आणि किती हंडे भरतात हेही सांगेल. शहराची तहान मुख्यतः कालापाणी तलावावर भागते, त्यामुळे ज्या वस्तीत नगरपरिषदेची लाइन पोचली आहे तिथं निदान काहीतरी हमी असते. बोअर लागेल या भरवशावर प्लॉट घेऊ नका. शेजाऱ्याच्या बोअरला पाणी आहे म्हणून आपल्यालाही लागेल असं या खडकात होत नाही. भेग सापडली तर पाणी, नाही तर धूळ.

मी सध्याच्या घराला टाकं बांधून घेतलं. त्याचा हिशेब सांगते, कारण तो कोणी सांगत नाही. हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. त्यावर दीड हजार मिलिमीटर पाऊस पडला तर जवळजवळ १ लाख ३९ हजार लिटर पाणी येतं. सांडलं-वाया गेलं धरून लाखभर लिटर तरी हाती लागतं. दोन माणसांना दिवसाला दोनशे लिटर धरलं तर मार्च ते जूनच्या मध्यापर्यंतच्या शंभरेक दिवसांना साधारण वीस हजार लिटर पुरतात. म्हणजे वीस-पंचवीस हजार लिटरचं टाकं आणि पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायची सोय, एवढं केलं की उन्हाळा निघतो. घर बांधणार असाल तर टाकं पायव्याबरोबरच घ्या. मागून खडक फोडणं फार महाग पडतं.

पावसाळा खरंच इतका कठीण असतो का?

जून ते सप्टेंबर इथं ढग घरात येतात. हे ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात मीठ डब्यात पाणी सोडतं, काडीपेटीची काडी गुल घासूनही पेटत नाही, तुरीच्या डाळीला बुरशी धरते, कपाटातल्या चामडी चपलेला हिरवी लव येते. कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. इथल्या बायका शेगडीत निखारे ठेवून वर बांबूचं डालं पालथं घालतात आणि त्यावर लेकरांची दुपटी पसरतात. माझी नात तीन महिन्यांची असताना इथं होती, तेव्हा शेजारच्या कोरकू आदिवासी बाईनं स्वतःचं डालं आणून दिलं आणि शेगडी किती दूर ठेवायची ते दाखवून गेली. डाल्याच्या विणीतून धग वर येते, दुपटं करपत नाही. त्या आठवड्यात महागड्या ड्रायरपेक्षा त्या डाल्याचा उपयोग झाला, कारण लाइट तीन दिवस नव्हती.

घर पाहताना मग या गोष्टी बघा. जोतं निदान तीन फूट उंच असावं. पावसाचा मारा पश्चिमेकडून असतो, त्यामुळे त्या बाजूला मोठ्या खिडक्या आणि मुख्य दार नसलेलं बरं. नुसता स्लॅब इथं पाझरतोच, म्हणून जुनी माणसं स्लॅबवर टिनाचं छप्पर टाकतात आणि ते बरोबर आहे. टिनं जे-हुकानं बांधलेली असावीत, नुसत्या खिळ्यांवर आणि दगडांवर नको. जुनं कवेलूचं, म्हणजे कौलारू घर मिळालं तर आत फार सुखाचं, पण वानरं कवेलू फोडतात आणि दरवर्षी मे महिन्यात फेराई करावी लागते, म्हणजे कवेलू उतरवून पुन्हा नीट बसवावे लागतात. फेरणारी माणसं आता कमी उरली आहेत.

संडासाच्या शोषखड्ड्याकडेही नीट बघा. खडकात पाणी शोषलं जात नाही. पावसाळ्यात खड्डा भरतो आणि उतारावरच्या खालच्या घराच्या अंगणात निघतो. आपण उतारावर खाली असाल तर वरच्या घराचा खड्डा कुठं आहे ते आधी पाहा.

पॉइंटजवळ दरी दिसेल असा प्लॉट मिळतोय. व्ह्यूसाठी थोडं सहन करू की!

मी सहन करून पाहिलं आहे. माझं दुसरं घर असंच होतं, काठापासून थोडंच आत. सकाळी चहाचा कप घेऊन उभं राहिलं की खाली ढगांचा समुद्र, आणि पलीकडे गाविलगडाची तटबंदी हळूहळू वर येते. त्या दृश्यासाठी मी तीन वर्षं काढली, आणि आजही ते आठवलं की हुरहुर लागते. पण चौथ्या जुलैत रात्री दोनच्या सुमारास वाऱ्यानं स्वयंपाकघरावरची टिनं उचलली. आधी एक कोपरा फडफडला, मग सगळा पत्रा मोठ्यानं उपटला गेला आणि ओट्यावर सरळ पाऊस. इथल्या एका पॉइंटला हरिकेन पॉइंट हे नाव उगीच पडलेलं नाही.

काठावर जमीनही सारखी सुटत असते. पावसात दगड निसटतात, झाडांची मुळं उघडी पडतात. दरी पाहायला पॉइंट आहेतच. देवी पॉइंट, पंचबोल, प्रॉस्पेक्ट, मोझरी, वैराट, वाटेल तेव्हा जावं आणि रात्री झोपायला वाऱ्याच्या आड यावं.

आमचा मुलगा गुलमर्गला हॉटेलात आहे. तिथं तर लोक स्कीइंगच्या उताराजवळच राहतात म्हणे. मग इथं का नाही?

त्याला विचारून पाहा, तो स्वतः कुठं राहतो. गुलमर्गला उताराजवळ राहतात ते पाहुणे. तिथं काम करणारी बरीच माणसं तेरा किलोमीटर खाली तंगमर्गला आणि आसपासच्या गावांत राहतात, आणि हिवाळ्यात बर्फावरून वर जायला गाडीच्या चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात. उत्तराखंडातल्या औलीचंही तेच. बर्फाचा उतार वर, बाजार, शाळा, दवाखाना खाली जोशीमठात. त्या जोशीमठात जानेवारी २०२३ मध्ये घरांना तडे गेले आणि शेकडो कुटुंबांना घरं सोडावी लागली. जुन्या दरडीच्या सैल जमिनीवर वाढलेली वस्ती आणि सांडपाण्याचा निचरा नीट नसणं, ही त्यामागं सांगितली गेलेली कारणं होती. आपला खडक तसा सैल नाही. तरी उतार आणि निचरा या दोन गोष्टी पाहिल्याशिवाय डोंगरावर घर घेऊ नये, हे तिथलं दुःख पाहून तरी आपण शिकावं.

मग परतवाड्यात राहून रोज वर यावं का?

नोकरी वर आणि मुलांच्या शाळा-शिकवण्या खाली असतील तर बरेच जण तेच करतात. अंतर तीसेक किलोमीटर, घाट चांगला. पण धुवारीतला आणि पावसाळ्यातल्या रविवारचा घाट वेगळा असतो. तरुण माणसानं दोन-तीन वर्षं करावं. घटांग-सलोनामार्गे दुसरा रस्ता आहे, तो जंगलातून जातो. अंधार पडल्यावर त्या वाटेनं एकट्यानं मोटारसायकलवर येऊ नका.

बर्फ पडतो का? थंडी किती?

बर्फ पडत नाही. उंची अकराशे मीटरच्या वर थोडी, एवढ्यावर आपल्या अक्षांशाला बर्फ कुठला? डिसेंबर-जानेवारीच्या काही पहाटे मात्र गवतावरचं दव गोठून पांढरं होतं, आणि पारा पाच अंशांपर्यंत उतरतो. मे महिन्यात दुपारी ३८-३९ होतात, तेव्हा खाली अकोल्यात ४५ असतात. रात्री पांघरूण लागतं.

जमीन स्वस्तात मिळतेय. आदिवासी माणसाची आहे, तो स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायला तयार आहे. घ्यावी का?

नाही. इथं मी हात जोडून सांगते, हे करू नका.

मेळघाट हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला आदिवासी प्रदेश आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर शासनाची पूर्वमान्यता घेऊन जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. नोटरी, मुखत्यारपत्र, ‘तुमच्या गड्याच्या नावावर ठेवू’ असल्या वाटा कायद्यापुढं टिकत नाहीत. जमीन मूळ मालकाला परत जाते, आणि ते योग्यच आहे. नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर अनुसूचित भागांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्यामुळे ग्रामसभेलाही अधिकार आहेत.

कायदा बाजूला ठेवला तरी मला हे बोलायचं आहे. मी ज्या मुलांना शिकवलं त्यांच्यातल्या काहींच्या बापांनी एका लग्नासाठी, एका आजारपणासाठी वावर असंच कागदावर लिहून दिलं. आज ती मुलं त्याच वावरावर उभ्या राहिलेल्या रिसॉर्टात ताटं उचलतात. आपलं निवृत्तीचं घर अशा जमिनीवर असू नये.

मग कागदपत्रं कोणती पाहायची?

सातबारा स्वतः काढा. भोगवटादार वर्ग-१ की वर्ग-२ ते बघा, वर्ग-२ असेल तर परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. इतर हक्काचा रकाना आणि जुने फेरफार पटवाऱ्याकडे बसून वाचा. शेतजमीन घ्यायची तर तुम्ही स्वतः कास्तकार असल्याचा पुरावा लागतो, विदर्भाच्या १९५८ च्या कुळवहिवाट कायद्यात तसं आहे. गावातला जुना बंगला किंवा प्लॉट असेल तर तो नझूलचा आहे का ते विचारा. नझूल म्हणजे जमीन शासनाची, आपल्याकडे पट्टा. पट्ट्याची मुदत, नूतनीकरण आणि शर्तभंग झालेला आहे का, हे भूमी अभिलेख कार्यालयात आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) दिसतं. आणि व्यवहाराआधी सरकारी मोजणी करून घ्या. वनखात्याची हद्द आणि आपला धुरा एकच असेल तर मोजणी दोनदा करायला लागली तरी करा.

दवाखान्याचं काय?

ग्रामीण रुग्णालय आहे, साधा आजार आणि बाळंतपणं होतात. मोठं काही असेल तर अचलपूरचं उपजिल्हा रुग्णालय, तिथून अमरावती. १०८ ला फोन केला की गाडी मिळते, पण घाट उतरायला तास लागतोच. हृदयाचा त्रास, डायलिसिस असं काही असेल तर इथं कायमचं राहायला येऊ नका. पाहुणे म्हणून या, माझ्या घरी उतरा.

वाघ-बिबटे वस्तीत येतात का?

मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक, १९७३-७४ पासूनचा. तेव्हा प्राणी असणारच. वाघाची भीती लोकांना वाटते तितकी खरी नाही. आम्ही जपतो ते अस्वलाला. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं गळायला लागली की पहाटे मोहाच्या झाडाखाली अस्वल असू शकतं. खरकटं बाहेर टाकलं तर वस्तीतही येतं. कुत्रा रात्री बाहेर बांधू नका, बिबट्या नेतो. अंगणात दिवा, हातात काठी आणि चालताना मोठ्यानं बोलणं, एवढं पाळलं की पुरे. लहान लेकरं असतील तर जंगलालगतचं शेवटचं घर घेऊ नका.

मोबाइलची रेंज, इंटरनेट?

गावात मिळतं, गावाबाहेर भरवसा नाही. घरून काम करणार असाल तर घर ठरवण्याआधी त्याच खोलीत बसून, पाऊस चालू असताना, एक तासभर व्हिडिओ कॉल करून पाहा. इन्व्हर्टर घ्यायचाच.

होमस्टे काढायचा विचार आहे.

राहत्या घरातल्या खोल्या देणार असाल तर पर्यटन खात्याच्या न्याहारी-निवास योजनेत रीतसर नोंदणी करा. पाहुणे पावसाळ्यात आणि दिवाळीत येतात, पाणी मात्र उन्हाळ्यात लागतं, हे गणित आधी मांडा. एक पाहुणा आपल्या घरातल्या माणसाच्या दुप्पट पाणी वापरतो, हा माझा शेजारणीच्या होमस्टेमधला अनुभव.

आम्ही बाहेरचे. इथली माणसं सामावून घेतील का?

घेतात, आपण आलो तसे राहिलो तर. कोरकू लोक कमी बोलतात. त्यांची भाषा मराठीच्या कुळातली नाही, गोंडीच्याही नाही. ती मुंडा कुळातली आहे, संथाळीच्या नात्यातली. वर्गात पहिली दोन वर्षं मी मुलांशी बोलायचे आणि मुलं माझ्याकडे बघत राहायची. मग मीच त्यांच्याकडून पाणी, भाकर, ये, बस असे शब्द शिकले, तेव्हा पहिल्यांदा वर्ग हसला.

होळीला बाहेरगावी कामाला गेलेले सगळे परत येतात. त्यानंतर पाच दिवस फगवा. रस्त्यावर बायका गाडी अडवून गाणी म्हणतात आणि फगवा म्हणून थोडे पैसे मागतात. गाडीची काच वर करून निघून जाणारा माणूस त्यांच्या लक्षात राहतो, आणि उतरून दोन मिनिटं उभा राहणाराही.

घर एकदम विकत घ्यावं की आधी भाड्यानं राहावं?

आधी भाड्यानं, आणि निदान एक वर्ष. जूनच्या पहिल्या आठवड्यात राहायला या. त्या वेळी उन्हाळ्याची टंचाई शेवटच्या टोकाला असते आणि पंधरा दिवसांत पाऊस लागतो, म्हणजे एकाच महिन्यात दोन्ही पाहून होतात. भाड्याच्या खोल्यांच्या पाट्या इथं लागत नाहीत. बसस्थानकासमोर चहा घ्या, किराणावाल्या भाऊंना विचारा, शाळेतल्या किंवा तहसीलमधल्या बदली होऊन चाललेल्या माणसाचा पत्ता काढा. बदल्या मे-जूनमध्ये होतात, चांगल्या खोल्या तेव्हाच रिकाम्या होतात. येताना मच्छरदाणी, दोन छत्र्या, गमबूट आणि एक मोठं डालं घेऊन या. डालं परतवाड्याच्या बाजारात मिळतं, वर आल्यावर शोधत फिरावं लागतं.